हिवाळी दरातल्या दोन रात्री

६ जानेवारी, मंगळवार

ही वही खरं तर टिंबूच्या फिटांची. तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय खाल्लं होतं, सगळं लिहून ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलंय. गेल्या अकरा दिवसांत एकही फिट नाही, त्यामुळे पानं कोरी पडलीत. कोरं पान मला बघवत नाही. लिफ्टच्या नोंदवहीतही मी निदान 'दोष आढळला नाही' एवढं तरी लिहितोच.

तर आजची नोंद. संध्याकाळी टिंबूला भरवत होतो, तेव्हा ही समोर येऊन बसली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. थंड डोंगराळ भागातल्या द्राक्षमळ्यांमधलं एक छोटं हॉटेल. दोन रात्री, दोन माणसं, नाश्त्यासकट. हिवाळ्यात तिकडे कुणी फिरकत नाही म्हणून निम्मा दर.

"आपल्याला परवडतंय," म्हणाली.

"तिकडे हिवाळ्यात द्राक्षं नसतात."

"मला द्राक्षं नकोयत."

"वाइन तर तू पीत नाहीस."

"पिऊन बघीन की."

"आणि हिचं काय?" मी टिंबूकडे बघत विचारलं. टिंबूने तेवढ्यात तोंड उघडलं, म्हणून चमचा दिला. हिने फोन टेबलावर पालथा ठेवला. जरा वेळाने दोन्ही हात टेकून उठली. थकते हल्ली. औषधाच्या दुकानात अर्धा दिवस उभं राहायचं म्हणजे दुखणारच. चांगले बूट घे म्हणून मी कितीदा सांगितलंय.

८ जानेवारी, गुरुवार

कामावरच्या जोडीदाराला सांगितलं. आम्ही दोघं मिळून इमारतींच्या लिफ्टा तपासतो. तो वर मशीनच्या खोलीत, मी खाली खड्ड्यात, आणि गप्पा फोनवर.

"जा की," तो वरून म्हणाला. "दोघंच असे शेवटचे कधी गेला होतात?"

मी हिशेब करायला लागलो. टिंबू चोवीस वर्षांची. सातव्या महिन्यातच झाली, कागदावरच्या टिंबाएवढी, म्हणून टिंबू. आता हिच्यापेक्षा चार बोटं उंच आहे. बोलत नाही. धरलं तर चालते. सकाळी विशेष मुलांच्या केंद्राची गाडी येऊन नेते, तीनला आणून सोडते. आंघोळ, कपडे हे हिच्याकडे, भरवणं माझ्याकडे. माझ्याशिवाय कुणाच्या हातून ती धड जेवत नाही.

"पंचवीस वर्षं झाली," मी म्हटलं. मला वाटलं फोन कट झाला.

माझी जायला काही हरकत नाही. अडचण हिची आहे. हिचा सगळा जीव त्या पोरीत. ऐनवेळी हीच पाय मागे घेणार, हे मी आत्ताच लिहून ठेवतो.

११ जानेवारी, रविवार

ताईला विचारलं. माझी थोरली बहीण. तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होती, आता घरीच असते. दोन रात्री टिंबूजवळ राहशील का, तर क्षणाचाही विचार न करता हो म्हणाली. मी म्हटलं, आधी एक दिवस बघू या. आज जेवायला बोलावली.

जेवण झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. मी घड्याळ लावलं. बारा मिनिटं. बारा मिनिटांत टिंबूला काय काय होऊ शकतं याची यादी केली आणि ताई जागी झाल्यावर तिला वाचून दाखवली.

ताईने सगळं ऐकून घेतलं. "अरे, तुम्ही दोघं समोर बसला होतात म्हणून मी डोळे मिटले. कामावर असताना मी कधी झोपले नाही."

"तरी पण."

"बरं," म्हणाली आणि पिशवी उचलली. दारात हिच्या पाठीवरून हात फिरवला. "दाखवून आलीस का?"

"आले," ही म्हणाली.

काय दाखवलं ते विचारणार होतो, पण टिंबूला ठसका लागला.

१५ जानेवारी, गुरुवार

हिने दुसरी वाट काढली. गाडी जिथे टिंबूला नेते त्या केंद्राचं एक निवासी घर आहे. तिथे बारा जण कायमचे राहतात, आणि एक खोली दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी ठेवलेली आहे. ६ ते ८ फेब्रुवारी रिकामी आहे. ही जाऊन पाकीट घेऊन आली होती. वरचा फॉर्म दोन रात्रींचा, त्यावर मी सही केली. खाली आणखी जाडसर कागद होते.

"ते कसले?"

"ते नंतरचे," म्हणाली आणि पाकीट कपाटात ठेवून दिलं.

हॉटेलवाल्याला मी स्वतः फोन केला. तळमजल्यावरची खोली द्या म्हटलं, लिफ्टच्या भरवशावर राहायला नको. तो म्हणाला, आमच्याकडे लिफ्टच नाही. माणूस सरळ वाटला.

१७ जानेवारी, शनिवार

निवासी घर बघून आलो. टिंबूलाही नेलं होतं. मेट्रनबाई, लाल काड्यांचा चष्मा, बोलायला गोड. मी टॉर्च आणि टेप घेऊन गेलो होतो. चौदा दोष निघाले. न्हाणीघराचं दार आत उघडतं, आत माणूस पडला तर ते अडकणार. जिन्याच्या तिसऱ्या पायरीची पट्टी सैल. लिफ्टचा दरवाजा मिटताना हात लावला तर थांबतो, पण अर्धा सेकंद उशिरा. सगळं कागदावर लिहून बाईंच्या हातात दिलं. त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं.

मी जिन्यावर असताना खालून टिंबूचा आवाज आला. धावत गेलो. कपडे धुण्याच्या खोलीत, गरगर फिरणाऱ्या मशीनसमोर स्टुलावर बसली होती आणि तोंडाने एक वेगळाच आवाज काढत होती. वर वर चढत जाणारा, मध्येच तुटणारा. चोवीस वर्षांत असा आवाज मी ऐकलेला नाही. घाबरली असणार. मी तिला उठवायला गेलो, तर हिने माझा दंड धरला.

"राहू द्या ना जरा."

हिचे डोळे भरून आले होते. म्हणजे हिलाही तिथलं पटलेलं नाही. पण आता कबूल कसं करायचं, हा हिचा प्रश्न.

२३ जानेवारी, शुक्रवार

मेट्रनबाईंचं पत्र. चौदापैकी तेरा दोष दुरुस्त. न्हाणीघराचं दार उलटं करून घेतलं. उरलेला एक दोष, खिडकीतून मोठा रस्ता दिसतो, हा दोष त्यांना मान्य नाही.

आता काय म्हणायचं.

३० जानेवारी, शुक्रवार

सकाळी टिंबूचं अंग गरम लागलं. थर्मामीटर लावला, मला किंचित जास्त वाटलं. ताप असताना फिट येण्याची भीती असते, हे कुठल्याही डॉक्टरला विचारा. मी लगेच हॉटेलला फोन लावला आणि आमचं येणं जमेलसं दिसत नाही असं सांगितलं. तो म्हणाला, अजून आठवडा आहे साहेब, दोन दिवस थांबून सांगा.

ही दुकानातून आली. थर्मामीटर घेतला, टिंबूच्या काखेत धरला. मग दुसऱ्या काखेत. दोन्हीकडे नेहमीचाच आकडा. हिने तो माझ्यासमोर ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून बूट काढायला लागली. उजव्या पायाचा बूट निघेना. वाकताच येत नव्हतं. मी काढून दिला.

"मी जाणार आहे," ही म्हणाली. "तुम्ही नाही आलात तर एकटी जाईन."

चोवीस वर्षांत ही एकटी कुठे गेलेली नाही. रागात माणूस काहीही बोलतं. मी हॉटेलला पुन्हा फोन करून येतोय म्हणून सांगितलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

टिंबूच्या सूचना लिहून काढल्या. अकरा पानं झाली. पहिली चार पानं फक्त जेवणाची. घास केवढा, चमचा कुठल्या बाजूने, पहिला घास नाकारला तर काय करायचं, गालाला बोट कसं लावायचं. ही म्हणाली, एक पान करा, कुणी वाचणार नाही. मी अकराची साडेदहा केली.

हिने स्वतःची बॅग भरली, छोटीशीच. ती उचलून दाराशी ठेवा म्हणाली. त्यात तीन किलोही वजन नव्हतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पोचलो. रेल्वे तीन तास, मग बस. बसच्या पायऱ्या चढताना हिने माझा खांदा धरला. थंडी मरणाची आहे.

टिंबूला दहाला सोडलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती सरळ कपडे धुण्याच्या खोलीकडे निघाली. एका लांब वेणीवाल्या बाईने तिचा हात धरला होता. वळून बघितलं नाही. तिला कळलंच नसणार आम्ही जातोय ते.

गाडीतून तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा मेट्रनबाई म्हणाल्या, "साहेब, सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच. मधल्या वेळात काही झालं तर आम्ही करू." मग मी फोन हातातच धरून बसलो, वाजला आणि कळलं नाही असं व्हायला नको.

इथे बघण्यासारखं म्हणाल तर डोंगराच्या उतारावर काळी खुंटं, ओळीने, दूरवर. छाटणी झालेली. तारा आणि खांब. मी म्हटलं, "यासाठी आलो का आपण?" ही खिडकीशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "किती शांत आहे."

७ फेब्रुवारी, शनिवार

ही काल दिवे लागायच्या सुमारास आडवी झाली, ती आज नऊला उठली. अंगसुद्धा हलवलं नाही. दोनदा श्वास चालू आहे ना ते बघितलं.

उठल्यावर आंघोळीला गेली. इथे मोठा टब आहे, गरम पाणी भरपूर. पाऊण तास झाला तरी बाहेर येईना. मग हाक आली, "जरा येता का?" जाऊन बघतो तर हिला टबातून उठता येत नव्हतं. मी काखेत हात घालून उचललं, टिंबूला खुर्चीतून उचलतो तसं. वजन काहीच लागलं नाही. हिचं तोंड ओलं होतं. पाण्यानेच.

"निसरडा आहे हा टब," मी म्हटलं. "हॉटेलवाल्याला सांगायला हवं, आत धरायला दांडी बसव म्हणून."

"हो," ही म्हणाली. "सांगा."

दुपारी वाइनचं तळघर बघितलं. आम्ही दोघं आणि दाखवणारी मुलगी, बाकी कुणी नाही. लाकडी पिंपं, ओल्या मातीचा वास. ती मुलगी म्हणाली, हिवाळ्यात वेल मेल्यासारखी दिसते, पण खाली मुळांत सगळं साठवलेलं असतं. हिने तीन प्रकार चाखले. तिसरा आवडला. गाल लाल झाले होते. मी म्हटलं, पुरे. ही म्हणाली, "अजून एक घोट," आणि त्या मुलीकडे बघून हसली. हिचा एक दात पुढे आहे, हसताना दिसतो. विसरलोच होतो.

पाचला फोन. ती वेणीवाली बाई होती.

"मजेत आहे. दुपारी सगळं संपवलं."

"कुणी भरवलं?"

"भरवलं कुठे? स्वतः खाल्लं. पहिले दोन-तीन घास मी हात धरून दाखवले. सांडलं बरंच, पण मग जमलं तिला."

"पण आमच्या कागदात तर..."

"तो कागद मेट्रनबाईंकडे आहे. मी अजून वाचला नाही."

फोन ठेवून बाहेर पडलो आणि खुंटांच्या एका ओळीतून शेवटपर्यंत जाऊन आलो. हे कसं शक्य आहे? चमचा तिच्या हातात कधी दिलाच नव्हता कुणी. म्हणजे मीच. दिला नव्हता.

हिला सांगितलं तर म्हणाली, "हो का," आणि पांघरूण छातीपर्यंत ओढून पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं हिला धक्का बसेल.

८ फेब्रुवारी, रविवार

परतीच्या बसला चाळीस मिनिटं होती. थांब्यावर आम्ही दोघंच. हिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

निवासी घरात कायमची जागा हवी असेल तर आधी दोन रात्रींचा मुक्काम करून बघावा लागतो, त्यांचा नियम आहे. कपाटातले जाडसर कागद त्याचेच. हिने ते भरलेत. माझी सही तेवढी राहिलीय.

"म्हणजे हा द्राक्षमळा वगैरे सगळं त्यासाठी?"

"द्राक्षमळाही हवा होता. खोटं नाही सांगत. पण दोन्ही एकदम जमत होतं."

"का पण? आपण आहोत ना."

"माझ्या मणक्याच्या दोन चकत्या सरकल्यात. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. टिंबू सत्तेचाळीस किलो आहे. मी तिला रोज दोनदा उचलते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, बूट घे."

मी आठवून बघितलं. म्हणालो होतो.

बस आली. हिला हात देऊन वर चढवलं. गाडीत ही खिडकीला टेकून झोपली. मी सहीचा विचार करत होतो. खरं तर कशाचाच विचार करता येत नव्हता. समोरच्या सीटच्या पाठीला आठ स्क्रूंची जागा होती, त्यांतला एक नव्हता.

टिंबूला आणायला गेलो. मला बघून तिने दोन्ही हात वर केले. एवढं एक अजून माझं आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गेले चार दिवस टिंबूच्या हातात चमचा देऊन बघतोय. ती घेते, नीट टेबलावर ठेवते आणि माझ्याकडे बघून तोंड उघडते. आज मी स्वयंपाकघराच्या बाहेर उभा राहून बघितलं. आत हिने चमचा दिला. टिंबूने वाटीत बुचकळला, तोंडापर्यंत नेला, निम्मं सांडलं, निम्मं गेलं. मग पुन्हा. मी आत आल्याबरोबर चमचा खाली आणि तोंड उघडं.

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कागद अकरा दिवस टेबलावर आहेत. ही एकदाही बोललेली नाही. पण जेवताना ते उचलून खुर्चीवर ठेवते आणि जेवण झालं की परत टेबलावर.

आज सकाळी ताई आली होती, मी कामावर निघायच्या बेतात असताना. हिला भिंत धरून न्हाणीघरातून बाहेर येताना तिने बघितलं. मला जिन्यात गाठून म्हणाली, "तू दुसऱ्यांच्या इमारतींतले दोर तपासतोस. किती भार झाला की बंद करायचं हे तुला कुणी सांगायला हवं का?"

दुपारी खड्ड्यात उतरलो असताना जोडीदार वरून दोनदा विचारत होता, झालं का, आणि मला काय तपासायचं होतं तेच आठवेना. असं कधी होत नाही.

घरी येऊन सही केली. तीन ठिकाणी. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. हिने कागद पाकिटात घातले, पाकीट चिकटवलं आणि माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. मला वाटलं काहीतरी बोलेल. मला वाटलं मीही बोलेन.

२ मार्च, सोमवार

संध्याकाळी मेट्रनबाईंचा फोन आला. हिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावून टेबलावर ठेवला. अर्ज मंजूर झालाय. टिंबू तिथे छान रमली, सगळ्यांना आवडली. यादीत नंबर सातवा.

"सातवा म्हणजे साधारण कधी?" हिने विचारलं.

बाई म्हणाल्या, "इथली माणसं कायमची असतात हो. खोली रिकामी होते ती... तुम्ही समजून घ्या. कधी तीन वर्षं, कधी सहासुद्धा. दोन रात्रींची खोली मात्र मिळेल अधूनमधून. पुढची पावसाळ्यानंतर आहे."

"बरं," ही म्हणाली. "थँक्यू."

मी तोवर खिडकीकडे तोंड केलं होतं. काचेवर डाग होता, तो पुसत होतो.

"इकडे बघा," ही म्हणाली.

"डाग आहे एक."

"बघा इकडे."

वळलो. मी चेहरा शक्य तितका सरळ ठेवला होता. पंचवीस वर्षं ज्या बाईने तो चेहरा बघितलाय, तिच्यापुढे त्याचा काय उपयोग.

"हसा की," ही म्हणाली. "मी काही म्हणत नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

टिंबूच्या आंघोळीची वेळ झाली होती. ही टेबलाला हात टेकून उठायला लागली.

"आज मी घालतो," मी म्हटलं.

"नको. मोठी मुलगी आहे ती. तुम्ही बाहेरच थांबा."

"मग ताईला बोलावू का?"

"आत्ता? पाणी काढलंय. रोजची रोज कुठे येणार ताई."

दोघी आत गेल्या, दार लागलं. मी दाराबाहेर उभा राहिलो. पाण्याचा आवाज, टिंबूचा आवाज, मग पाणी बंद झालं. उचलायच्या आधी ही मोजते, हे मला आज कळलं.

"एक," ही म्हणाली. "दोन."

पुढे काही ऐकू आलं नाही. मी कडीला हात लावला आणि काढून घेतला. बऱ्याच वेळाने आतून परत आवाज आला.

"एक."